नवी ४ टीबी हार्ड डिस्क लिनक्सवर लावायची आहे : पार्टिशनपासून एफएसटॅबपर्यंत मदत हवी

अंकवेडी | शनिवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या वाचनालयात जुन्या दिवाळी अंकांचा संग्रह आहे. सर्वांत जुना अंक १९४८ चा. कागद इतका कुरकुरीत झालाय की पान उलटताना कोपरा हातात येतो. म्हणून आम्ही चौघीजणी दर रविवारी बसून अंक स्कॅन करतो. ए४ आकाराचं एक रंगीत पान ३०० डीपीआयला, टिफमध्ये, साधारण २६ एमबी होतं. दोनशे पानांचा अंक म्हणजे पाच जीबीच्या वर. कॉम्प्युटरमध्ये २४० जीबीची एसएसडी आहे, तिच्यावर डेबियन १२. स्कॅन एका जुन्या ५०० जीबीच्या डिस्कवर ठेवतो. ती आता भरत आली.

परवा देणगीतून ४ टीबीची साडेतीन इंची डिस्क घेतली. कॅबिनेट उघडून स्क्रूने बसवली, साटाची आणि पॉवरची वायर जोडली. बायोसमध्ये दिसते, पण फाइल मॅनेजरमध्ये कुठेच नाही. एलएसबीएलके कमांडने मला एवढं दिसतं :

एसडीए २२३.६ जी
एसडीबी ३.६ टी
एसडीसी ४६५.८ जी

आता पुढे काय करायचं ते नेटवर दहा ठिकाणी दहा तऱ्हेने लिहिलंय आणि मला धाडस होत नाही. कारण सांगते. दोन वर्षांपूर्वी पेन ड्राइव्हवर डेबियनची इमेज लिहिताना डीडी कमांडमध्ये मी एक अक्षर चुकीचं टाकलं. इमेज पेन ड्राइव्हऐवजी स्कॅनच्या डिस्कवर गेली. ६३ अंक होते त्यावर. फोटोरेक या हरवलेल्या फाइली शोधणाऱ्या प्रोग्रामने पुष्कळ पानं परत मिळाली, पण फाइलींची नावं सगळी गेली. कुठलं पान कुठल्या अंकाचं हे ओळखायला आम्हाला पुढचे सहा महिने लागले, आणि काही पानं अजून बेवारस फोल्डरमध्येच आहेत.

तेव्हा कृपा करून पायरी पायरीने सांगा. आणि फक्त कमांड देऊ नका, ती का द्यायची तेही सांगा.

मुक्काम पोस्ट | शनिवार, रात्री ९:२५

वाचतोय. मलाही हेच करायचंय. वाचनखूण साठवली.

खडकाळवाट | शनिवार, रात्री १०:४०

ताई, काम फार मोलाचं करताय. सावकाश करू. मी सर्व्हर सांभाळण्यात बावीस वर्षं काढली आहेत, आणि नव्या डिस्कच्या बाबतीत घाईने झालेलं नुकसानच जास्त पाहिलंय.

कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर त्या इंग्रजी अक्षरांत टंका. लहान-मोठ्या अक्षराने अर्थ बदलत असेल तिथे तसं लिहीन.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की धरा. एसडीए, एसडीबी ही डिस्कची नावं नाहीत, त्या दिवशीच्या रांगेतले नंबर आहेत. कॉम्प्युटर सुरू होताना कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, जी डिस्क आधी सापडली ती ए, पुढची बी. उद्या पेन ड्राइव्ह लावून मशीन चालू केलं, किंवा एखादी डिस्क फिरायला अर्धा सेकंद जास्त लागला, की रांग बदलते. तुमचे ६३ अंक त्यामुळेच गेले. तुम्ही निष्काळजी होतात असं मी म्हणणार नाही.

म्हणून ओळख पटवायची ती मॉडेल आणि सिरियल नंबरवरून :

एलएसबीएलके -ओ नेम,साइझ,मॉडेल,सिरियल

डिस्कच्या पाठीवर लेबल असतं, त्यावर हाच सिरियल नंबर छापलेला असतो. कॅबिनेट अजून उघडं असेल तर मोबाइलने लेबलचा फोटो काढून ठेवा. स्क्रीनवरचा नंबर आणि फोटोतला नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला की मगच पुढे.

आणि पार्टिशन लगेच करू नका. डिस्क खरोखर धड आहे का ते आधी बघू. स्मार्टमॉनटूल्स हे पॅकेज एपीटीने टाका आणि ही कमांड द्या :

सुडो स्मार्टसीटीएल -ए /डेव्ह/एसडीबी (इथे लहान ए)

लांबलचक तक्ता येईल. त्यातल्या या ओळी मला लिहून पाठवा : ५ क्रमांकाची, म्हणजे खराब झाल्यामुळे बदलून दिलेले सेक्टर, ९ क्रमांकाची, म्हणजे डिस्क एकूण किती तास चालली, १९७ आणि १९८, म्हणजे वाचता न येणारे सेक्टर, आणि १९९, जी बहुतेक वेळा वायर सैल असल्याचं सांगते. नव्या डिस्कवर ९ सोडून बाकी सगळीकडे शेवटच्या रकान्यात शून्य हवं. आणि ९ मध्ये दोन-चार तासच हवेत.

अंकवेडी | रविवार, सकाळी ११:०५

सिरियल नंबर जुळला. तक्ता काढला. ५ ला शून्य, १९७, १९८, १९९ सगळीकडे शून्य.

पण ९ समोर ९,४१२ लिहिलंय. म्हणजे काय? काल संध्याकाळीच तर बसवली.

खडकाळवाट | रविवार, सकाळी ११:२०

म्हणजे ही डिस्क नवी नाही. ९,४१२ तास म्हणजे रात्रंदिवस चालून वर्षाहून जास्त. कुठल्या तरी सर्व्हरमधून किंवा सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरमधून काढून, पुसून, नव्या पिशवीत घालून विकलेली आहे. चालेलही कदाचित, पण देणगीच्या पैशात तुम्ही नवी म्हणून घेतलीय. परत करा.

स्क्रीनचा फोटो, डिस्कच्या लेबलचा फोटो आणि बिल बरोबर न्या. बिलावर सिरियल नंबर लिहिलाय का बघा. बनवणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवर तो नंबर टाकून वॉरंटी कधीपर्यंत आहे तेही पाहता येतं. तिथली मुदत आणि तुमच्या बिलाची तारीख यांचा मेळ बसत नसेल तर दुकानदाराला बोलायला जागा राहत नाही.

आणि डिस्कवर अजून काही लिहिलं नाहीत हे बरं झालं.

मुक्काम पोस्ट | रविवार, सकाळी ११:४२

बापरे. मी आत्ताच माझी तपासली. ६ तास. जीव भांड्यात पडला. ही ओळ बघायची असते हेच माहीत नव्हतं.

पाटाखालचं शिवार | रविवार, दुपारी १:१५

एक भर घालतो. दुकानात नवी डिस्क हातात आली की पिशवीचं सील, लेबलवरची उत्पादनाची तारीख आणि स्क्रूच्या भोकांच्या कडा बघायच्या. कधीच न बसवलेल्या डिस्कच्या भोकांवर ओरखडे नसतात. साडेतीन इंची डिस्कला जाड आट्यांचे स्क्रू लागतात, अडीच इंचीला बारीक एम३. बारीक स्क्रू जाड भोकात घातला तर तो पकडच घेत नाही, डिस्क थरथरत राहते. आणि स्क्रू चारही लावा, दोनावर भागवू नका. फिरत्या तबकड्यांना थरथर सोसत नाही.

अंकवेडी | गुरुवार, रात्री ८:३०

डिस्क बदलून मिळाली. दुकानदाराने आधी टाळाटाळ केली, पण ९,४१२ चा फोटो समोर ठेवल्यावर वाद घातला नाही. दुसरी डिस्क त्याच्याच कॉम्प्युटरला लावून तिथेच तपासून घेतली. ० तास.

आणि खडकाळवाट काका, तुम्ही म्हणालात ते आज डोळ्यांनी पाहिलं. नवी डिस्क बसवून मशीन चालू केलं तर ४ टीबीवाली एसडीए झाली आणि सिस्टिमची एसएसडी एसडीबी! मी वहीत "नवी = एसडीबी" असं लिहून ठेवलं होतं. त्या वहीवर विसंबून फॉरमॅट केलं असतं तर सगळी सिस्टिमच पुसली गेली असती. ते पान फाडून टाकलं. आता वहीत फक्त सिरियल नंबर आहे.

खडकाळवाट | गुरुवार, रात्री १०:१५

उत्तम. आज रात्री डिस्कची लांब चाचणी लावून ठेवा :

सुडो स्मार्टसीटीएल -टी लाँग /डेव्ह/एसडीए

ती डिस्कच्या आतच चालते, टर्मिनल बंद केलं तरी हरकत नाही. ४ टीबीला सात-आठ तास धरा. मशीन मात्र बंद करू नका आणि झोपायला जाऊ देऊ नका. सकाळी -एल सेल्फटेस्ट देऊन निकाल बघा.

बॅडब्लॉक्सची लिहून-वाचून चाचणी काहीजण सांगतील. ती अधिक कडक आहे हे खरं. चार वेगवेगळे नमुने लिहायचे आणि प्रत्येक परत वाचायचा, म्हणजे पूर्ण डिस्कवर आठ फेऱ्या. सरासरी १५० एमबी प्रतिसेकंद धरले तर ४ टीबीला एक फेरी साडेसात तासांची, आठ फेऱ्यांना अडीच दिवस. तुमच्याकडे लाइटचा भरवसा असेल तर करा. नसेल तर लांब चाचणी पुरे.

ती पार पडली की पार्टिशन. इथे एफडिस्क वापरू. त्यात एक फार चांगली सोय आहे : तुम्ही डब्ल्यू दाबेपर्यंत डिस्कवर काहीच लिहिलं जात नाही. शंका आली की क्यू दाबायचं आणि बाहेर पडायचं.

सुडो एफडिस्क /डेव्ह/एसडीए

कमांड देण्याच्या आधी एलएसबीएलके परत एकदा. काल एसडीए होती म्हणून आज असेलच असं नाही.

आत गेल्यावर आधी पी दाबा. डिस्कचं मॉडेल आणि आकार छापून येईल, तो ४ टीबीवालीचाच आहे ना ते बघा. मग जी दाबा, म्हणजे जीपीटी प्रकारचा नवा तक्ता तयार होतो. जुना एमबीआर प्रकार इथे चालणारच नाही. त्यात सेक्टरचा नंबर ३२ बिटांत मावतो, आणि ५१२ बाइटांचा सेक्टर धरला तर तो २ टेबिबाइटवर संपतो. तुमची निम्मी डिस्क वाया जाईल. जीपीटीला ही अडचण नाही. शिवाय तो आपली एक प्रत डिस्कच्या शेवटी ठेवतो, सुरुवातीचा भाग बिघडला तर ती कामी येते.

मग एन, म्हणजे नवं पार्टिशन. तीन प्रश्न येतील, तिन्हींना फक्त एंटर. पहिला सेक्टर २०४८ सुचवला जाईल, तोच राहू द्या. त्याने पार्टिशन बरोबर १ मेबिबाइटवर सुरू होतं. आजच्या डिस्क आतून ४,०९६ बाइटांच्या सेक्टरवर चालतात. पार्टिशन त्या हद्दीवर सुरू झालं नाही तर एक ब्लॉक लिहायला डिस्कला दोन सेक्टर वाचून परत लिहावे लागतात. जुन्या साधनांत ही सुरुवात ६३ व्या सेक्टरवर असायची, नेटवरचे जुने लेख वाचून तसं करू नका.

परत एकदा पी, नीट वाचा, मग डब्ल्यू.

एकच विंडो | शुक्रवार, सकाळी ७:५०

एक शंका. पार्टिशन करायलाच हवं का? संपूर्ण डिस्कवर सरळ फाइल सिस्टिम बनवता येते. मी घरी तसंच केलंय, पाच वर्षं चाललंय.

खडकाळवाट | शुक्रवार, सकाळी ८:३०

येते, आणि चालते. पण तशी डिस्क दुसऱ्या कुणी उघडली, विशेषतः विंडोजवर, की ती "डिस्क कोरी आहे, तयार करू का?" असं विचारते. वाचनालयासारख्या ठिकाणी चार हात लागतात. कुणीतरी हो म्हणेल. जीपीटी तक्ता असला की "इथे काहीतरी आहे" एवढं तरी दिसतं. मी तुमच्या जागी असतो तर घरच्या डिस्कलाही पार्टिशन केलं असतं.

अंकवेडी | शुक्रवार, रात्री ९:००

लांब चाचणी कोणत्याही चुकीशिवाय पूर्ण झाली. पार्टिशन झालं. डब्ल्यू दाबण्याआधी तिघींना बोलावून सिरियल नंबर मोठ्याने वाचायला लावला. आता एलएसबीएलकेमध्ये एसडीएच्या खाली एसडीए१ दिसतंय. फॉरमॅट कशात करू? एक जण म्हणाले विंडोजच्या एनटीएफएसमध्ये कर, म्हणजे कुठेही लावता येईल.

खडकाळवाट | शुक्रवार, रात्री ९:४५

डिस्क कायम याच लिनक्स मशीनमध्ये राहणार असेल तर एनटीएफएस नको. लिनक्सला ती वाचता-लिहिता येते, कर्नल ५.१५ पासून त्यासाठी चांगला ड्रायव्हरही आतच आहे. पण फाइलींचे मालक आणि परवानग्या लिनक्सच्या पद्धतीने सहजपणे टिकत नाहीत, आणि लाइट जाऊन बिघाड झाला तर दुरुस्तीचं खरं साधन विंडोजवरच मिळतं. ईएक्सटी४ ही लिनक्सची फाइल सिस्टिम घ्या. २००८ च्या शेवटी कर्नल २.६.२८ मध्ये ती स्थिर म्हणून आली, तेव्हापासून अतिशय घासूनपुसून झालेली आहे. तिच्यात जर्नल असतं, म्हणजे अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंद. लाइट गेली तर चालू होताना ती नोंद वाचून फाइल सिस्टिम स्वतःला सावरते.

सुडो एमकेएफएस.ईएक्सटी४ -एल अंक -एम १ /डेव्ह/एसडीए१

इथे एल मोठा, एम लहान. शेवटी १ आहे ना ते बघा, पार्टिशनवर फॉरमॅट करायचंय, पूर्ण डिस्कवर नाही. आधी काही फाइल सिस्टिम सापडली तर कमांड थांबून विचारते. नव्या पार्टिशनवर ती विचारायला नको. विचारलं तर थांबा आणि इथे लिहा.

-एम १ बद्दल : ईएक्सटी४ नेहमी ५ टक्के जागा फक्त रूटसाठी, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्यासाठी, राखून ठेवते. सिस्टिमच्या डिस्कवर ते गरजेचं आहे, ती भरली तरी लॉगिन करून सावरता येतं. पण ४ टीबीचे ५ टक्के म्हणजे २०० जीबी. तुमच्या हिशेबाने जवळजवळ ३८ अंक. साठवणीच्या डिस्कवर १ टक्का भरपूर झाला.

सडा | शुक्रवार, रात्री १०:३०

मोठ्या फाइलींना एक्सएफएस चांगली नाही का? आमच्या स्टुडिओत व्हिडिओ सगळे त्यावरच आहेत.

खडकाळवाट | शुक्रवार, रात्री १०:५०

चांगलीच आहे. तुमच्या व्हिडिओसाठी मीही तीच निवडली असती. पण एक्सएफएसचा आकार वाढवता येतो, कमी करता येत नाही. उद्या या डिस्कमधून तुकडा काढायचा झाला तर ईएक्सटी४ ला मार्ग असतो. २६ एमबीच्या फाइलींना दोन्हींत फरक जाणवणार नाही. अंकवेडीताईंना मदत करायला गावात जो कुणी येईल त्याला ईएक्सटी४ माहीत असण्याची शक्यता जास्त, हे माझ्या लेखी सर्वांत मोठं कारण.

आता शेवटचा आणि सगळ्यांत नाजूक टप्पा, एफएसटॅब, म्हणजे मशीन सुरू होताना कुठली डिस्क कुठे जोडायची त्याची यादी असलेली फाइल. आधी डिस्क माउंट करायची, म्हणजे जोडून उघडायची, जागा :

सुडो एमकेडीआयआर -पी /विदा/अंक

मग पार्टिशनची खरी ओळख विचारा : सुडो बीएलकेआयडी /डेव्ह/एसडीए१. त्यात यूयूआयडी म्हणून ३६ अक्षरांची ओळ येते. ती फॉरमॅट करताना फाइल सिस्टिमच्या आत लिहिली जाते. डिस्क कुठल्याही वायरला लावा, रांगेत कुठेही येऊ द्या, ती बदलत नाही. ती हाताने टंकू नका, माउसने उचलून चिकटवा.

एफएसटॅबची आधी प्रत काढा, मग शेवटी ही एक ओळ :

यूयूआयडी=(तुमची ओळ) /विदा/अंक ईएक्सटी४ डिफॉल्ट्स,नोफेल,नोएटाइम ० २

सहा रकाने आहेत. कोण, कुठे, कुठल्या प्रकारची, कशी, मग डम्पचा ० (तो आता कुणी वापरत नाही), आणि शेवटी सुरू होताना तपासणीचा क्रम. रूटला १, बाकीच्यांना २. रकान्यांमध्ये जागा सोडा, पण चौथ्या रकान्यातल्या स्वल्पविरामांनंतर सोडू नका.

नोफेल हा शब्द विसरू नका. तो नसला आणि डिस्क सापडली नाही, तर सिस्टिमडी, म्हणजे मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर, दीड मिनिट वाट पाहून मशीन आणीबाणीच्या काळ्या पडद्यावर नेऊन सोडतं. डेबियन टाकताना तुम्ही रूटचा पासवर्ड ठेवला नसेल तर तिथे आत शिरताही येत नाही, लाइव्ह पेन ड्राइव्ह शोधत बसावं लागतं.

ओळ लिहिली की मशीन रीस्टार्ट करू नका. आधी :

सुडो सिस्टिमसीटीएल डेमन-रीलोड
सुडो फाइंडएमएनटी --व्हेरिफाय
सुडो माउंट -ए

तिन्ही तक्रार न करता पार पडल्या की एफएसटॅब बरोबर आहे. चूक असेल तर ती आत्ता चालू मशीनवर दुरुस्त करणं एका मिनिटाचं काम आहे.

पाटाखालचं शिवार | शनिवार, सकाळी ९:२०

काकांनी सगळं सांगितलंय, पण नोफेलची दुसरी बाजू मी भोगली आहे, ती इथे लिहिलीच पाहिजे.

मी अमरावती जिल्ह्यात एका शेतकरी गटाच्या हवामान केंद्राचा डेटा सांभाळतो. रात्री दोन वाजता आरसिंक दुसऱ्या डिस्कवर प्रत काढतं. मे महिन्यात एका रात्री वादळात लाइट गेली, आली, परत गेली. मशीन सुरू झालं, पण दुसरी डिस्क काही फिरली नाही. एफएसटॅबमध्ये नोफेल होतं, त्यामुळे मशीन तिच्याविना शांतपणे चालू झालं. आता माउंटची जागा म्हणजे शेवटी एक साधी रिकामी डिरेक्टरीच की. आरसिंकला काय माहीत त्यावर डिस्क बसलीय की नाही? त्याने त्या डिरेक्टरीत, म्हणजे सिस्टिमच्या एसएसडीवर, सगळी प्रत लिहायला सुरुवात केली. पहाटे एसएसडी शंभर टक्के भरली आणि सेन्सरचा येणारा डेटा लिहायला जागा उरली नाही. तीन दिवसांचा पाऊस आमच्या नोंदीत नाही. ते तीन दिवस आता कुठूनही परत येणार नाहीत.

वर आणखी एक घोळ. मी सॉकेट घट्ट करून डिस्क परत माउंट केली, तर त्या चुकीच्या फाइली दिसेनाशा झाल्या, पण एसएसडी भरलेलीच. माउंट केलेली डिस्क खालच्या डिरेक्टरीतलं सगळं झाकते. अनमाउंट केल्यावर खाली सापडल्या.

उपाय दोन. डिस्क माउंट नसताना रिकाम्या डिरेक्टरीला कुलूप लावायचं :

सुडो सीएचएटीटीआर +आय /विदा/अंक

मग तिच्यात रूटलासुद्धा लिहिता येत नाही, पण वर डिस्क माउंट करता येते, आणि माउंट झाल्यावर डिस्कवर लिहिताही येतं. कुलूप खालच्या डिरेक्टरीला असतं, वरच्या डिस्कला नाही. आणि स्क्रिप्टमध्ये पहिली ओळ म्हणून माउंटपॉइंट -क्यू /विदा/अंक, ते खोटं निघालं तर तिथेच बाहेर.

ताई, तुम्ही माउंट -ए आधीच केलं असेल तर अनमाउंट करा, कुलूप लावा, परत माउंट करा.

खडकाळवाट | शनिवार, सकाळी ९:४५

हे मी सांगायला हवं होतं. शिवार, धन्यवाद. नोफेल आणि कुलूप हे जोडीनेच वापरायचे.

मांडवीपल्याड | शनिवार, दुपारी १२:१०

गोव्याहून नमस्कार. माझ्याकडे फ्रीबीएसडी ही लिनक्ससारखी दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम आहे. तिथे रांगेच्या नंबराचा हाच त्रास आहे (साटा डिस्क एडीए०, एडीए१ अशा दिसतात), पण त्यावरचा उपाय मला जास्त आवडतो. पार्टिशन करतानाच त्याला आपलं नाव देता येतं :

जीपार्ट क्रिएट -एस जीपीटी एडीए१
जीपार्ट ॲड -टी फ्रीबीएसडी-यूएफएस -ए १एम -एल अंक एडीए१
न्यूएफएस -यू /डेव्ह/जीपीटी/अंक

(पहिल्या दोन ओळींतली सगळी अक्षरं लहान, न्यूएफएसचा यू मोठा.) मग एफएसटॅबमध्ये सरळ /डेव्ह/जीपीटी/अंक लिहायचं. ३६ अक्षरं नकोत, आणि सहा महिन्यांनी फाइल उघडली तरी वाचून कळतं. नोफेलच्या जागी तिथे फेलओके. तिथली यूएफएस फाइल सिस्टिम मात्र ८ टक्के जागा राखून ठेवते, ईएक्सटी४ पेक्षाही जास्त.

शिवारांनी लिहिलेली झाकण्याची गोष्ट सगळ्या युनिक्सांत सारखीच. माउंट ही कमांड १९७१ च्या पहिल्या युनिक्स मॅन्युअलमध्येही आहे. बहुतेक नव्या डिस्कवाले ती एकदा तरी अनुभवतात.

अंकवेडी | शनिवार, रात्री ८:१५

सगळं केलं. फाइंडएमएनटीने पहिल्यांदा तक्रार केली. मी /विदा/अंक लिहिताना मध्ये जागा सोडली होती, रकाने सहाऐवजी सात झाले. रीस्टार्ट केलं असतं तर काय झालं असतं या विचाराने अंगावर काटा आला. दुरुस्त केलं, माउंट -ए गप्प राहिली. अनमाउंट करून कुलूपही लावलं. तपासायला म्हणून रिकाम्या डिरेक्टरीत सुडोने फाइल बनवून पाहिली, "परवानगी नाही" असं उत्तर आलं. परत माउंट केली.

आता दोन अडचणी.

एक, डिस्कवर मला काही लिहिताच येत नाही. दोन, डिस्क रिकामी आहे, कुठलंच काम चालू नाही, तरी पुढचा दिवा सारखा लुकलुकतोय आणि आतून हलकी कुरकुर ऐकू येतेय. एक तास झाला. टॉप कमांडमध्येही काही विशेष दिसत नाही. ही पण खराब निघाली का?

खडकाळवाट | शनिवार, रात्री ८:५०

नाही ताई, निश्चिंत राहा.

आधी दुसरी. ईएक्सटी४ प्रत्येक फाइलच्या माहितीसाठी आधीच जागा आखून ठेवते, त्याला आयनोड म्हणतात. दर १६ केबीला एक आयनोड, प्रत्येकी २५६ बाइट. ४ टीबीवर ते जवळजवळ २४ कोटी होतात, आणि त्यांचा तक्ता सुमारे ६० जीबीचा. तो सगळा फॉरमॅट करतानाच लिहायचा तर तुम्ही कितीतरी वेळ वाट पाहत बसला असता. म्हणून एमकेएफएस तो अर्धवट सोडते, आणि पहिल्या माउंटनंतर कर्नल मागच्या मागे, सावकाश, बाकीचं काम संपवतो. टॉपमध्ये ईएक्सटी४लेझीइनिट नावाची प्रक्रिया शोधा, शेवटी सापडेल. तोच आवाज. एकदाच होतो, परत होणार नाही. मध्ये मशीन बंद केलंत तरी पुढच्या वेळी राहिलेलं पूर्ण करेल.

आता लिहिण्याचं. नवी फाइल सिस्टिम रूटच्या मालकीची असते. तुम्ही चौघीजणी वेगवेगळ्या लॉगिनने काम करता ना? एक गट करा :

सुडो ग्रुपॲड वाचनालय
सुडो यूजरमॉड -एजी वाचनालय (तुमचं लॉगिन) (इथे ए लहान, जी मोठा, तो ए अजिबात विसरू नका, नाहीतर आधीचे गट काढून टाकले जातात)
सुडो सीएचजीआरपी वाचनालय /विदा/अंक
सुडो सीएचमॉड २७७५ /विदा/अंक

यूजरमॉडची ओळ चौघींसाठी चार वेळा. हे सगळं डिस्क माउंट असताना करायचं, नाहीतर मालकी खालच्या कुलूपबंद डिरेक्टरीला लागायला जाईल आणि नकार येईल. २७७५ मधल्या २ मुळे आत बनणारी प्रत्येक फाइल आपोआप याच गटाची होते. एकमेकींच्या फाइली सुधारायच्याही असतील तर प्रत्येकीचा यूमास्क, म्हणजे नव्या फाइलींच्या परवानग्या ठरवणारा आकडा, ००२ करा. मग सगळ्यांनी एकदा लॉगआउट करून परत लॉगिन.

आत लॉस्ट+फाउंड नावाचं फोल्डर दिसेल, ते पुसू नका. आणि जुन्या ५०० जीबीच्या डिस्कवरचे अंक इथे आणल्यावर ती डिस्क कोरी करू नका. तीच तुमची दुसरी प्रत. शक्य तर ती वाचनालयात न ठेवता कुणाच्या तरी घरी ठेवा.

मुक्काम पोस्ट | शनिवार, रात्री ९:३०

माझंही झालं, या धाग्यावरून शब्द न् शब्द उतरवून. फक्त माझी डिस्क एनव्हीएमई आहे, त्यामुळे नाव /डेव्ह/एनव्हीएमई०एन१पी१ असं आलं. शेवटच्या पी१ ला थोडं बावचळलो, पण पार्टिशनचा नंबर तोच हे लक्षात आलं. बाकी सगळं सारखंच.

अंकवेडी | रविवार, सायंकाळी ५:४०

सकाळी वाचनालय उघडलं तेव्हा दिवा शांत होता. कुरकुर थांबली होती.

डीएफ -एचमध्ये ३.६ टी दाखवतंय. जुन्या डिस्कवरचे सगळे अंक आरसिंकने आणले, स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत माउंटपॉइंटची तपासणी आहे. जुनी डिस्क सोसायटीच्या सचिवबाईंच्या कपाटात गेली. नव्या डिस्कचा सिरियल नंबर आणि यूयूआयडी वहीच्या पहिल्या पानावर लिहिला, त्याचा फोटो चौघींच्या मोबाइलमध्ये.

दुपारी १९४८ चा अंक काढला. मुखपृष्ठ स्कॅन करून फाइल नव्या डिस्कवर गेली तेव्हा आम्ही सगळ्या स्क्रीनभोवती उभ्या होतो. आत्तापर्यंत ४२ पानं झालीत. पुढच्या रविवारी बेवारस फोल्डर घेऊन बसणार आहोत.